लॅमिंग्टन रोडची वारी

मुंबईस येणारा पाहुणा गेटवे पाहतो, राणीची बाग पाहतो, चौपाटीवर भेळ खातो आणि मुंबई पाहिल्याच्या समाधानानें गांवीं परततो. लॅमिंग्टन रोड पाहावयास म्हणून सहसा कोणी जात नाहीं. तो पाहण्याचा रस्ता नव्हे, गरजेनें जाण्याचा रस्ता आहे. आणि मुंबईच्या परिसरांत ज्या घरचें मूल बारावी ओलांडून अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातें, त्या घराला ही गरज एकदां तरी पडण्याचा संभव असतो. आमच्या घराला ती 2025 च्या ऑगस्ट महिन्यांत पडली.

आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलीला पुण्यास स्थापत्यशाखेंत प्रवेश मिळाला. फी आणि वसतिगृहाचें भाडें भागल्यावर लॅपटॉपचा प्रश्न निघाला, तेव्हां अण्णांनीं, म्हणजे आमच्या तीर्थरूपांनीं, मुदतठेवींतील 55,000 रुपये पुढें केले. ही ठेव कोंकणांतील घराचीं कौलें व कांहीं वासे बदलण्यासाठीं राखलेली होती. "कौलें आणखी एक पावसाळा काढतील, पोरीचें पहिलें वर्ष परत येणार नाहीं," एवढेंच ते म्हणाले. तेव्हांपासून आमच्या मनांत प्रत्येक रुपयाचें एकेक कौल झालें, आणि खरेदीची जबाबदारी आम्हीं मोठ्या गांभीर्यानें शिरावर घेतली.

शनिवारीं सकाळीं पुतणीस घेऊन डोंबिवलीहून निघालों. रविवारीं जाण्यांत अर्थ नसतो. तेथील बहुतेक दुकानें त्या दिवशीं बंद असतात. दादरास गाडी बदलून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी धरली. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल अशीं स्थानकें मागें टाकीत आम्ही ग्रँट रोडला पूर्वेच्या बाजूस उतरलों. पाऊस रिमझिम चालूच होता.

या रस्त्याला 1903 ते 1907 या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव मिळालें. आज पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव आहे. लोकांच्या जिभेवर मात्र जुनेंच बसलें आहे. दक्षिणेच्या टोकाशीं रॉयल ऑपेरा हाउस आहे. त्याचें उद्घाटन 1911 मध्यें पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्तें झालें, आणि कित्येक वर्षें बंद राहून तें 2016 मध्यें पुन्हां उघडलें. याच रस्त्यावरील मिनर्व्हा चित्रगृहांत 1975 मध्यें लागलेला ‘शोले’ पांच वर्षें चालला. तें मिनर्व्हा आतां राहिलें नाहीं. आमच्या लहानपणीं वडील मंडळी रेडिओचे सुटे भाग आणावयास येथें येत. पुढें त्याच गाळ्यांतून संगणकाचे भाग विकले जाऊं लागले. वस्तु बदलली, पण उघड्या यंत्राच्या पोटांत डोकावून ‘हें चालेल, तें चालणार नाहीं’ असें सांगणाऱ्या माणसांची पेठ ही तिची ओळख बदलली नाहीं.

पहिल्या दुकानांत मालकांनीं 41,000 रुपयांचा एक लॅपटॉप समोर मांडला. प्रोसेसर रायझेन 5, क्रमांक 7520यू. रॅम आठ जीबी. सातानें आरंभ होणारा क्रमांक पाहून आम्ही खूष झालों. चौदा हजार रुपये वांचत होते, पुष्कळच कौलें! परंतु पुतणीनें आपली वही उघडली. तींत तिनें एका पानावर आपलें काम लिहून आणलें होतें : ऑटोकॅडचीं रेखाचित्रें, हिशेबाचे तक्ते, अहवाल, रोज पाठीवरून नेणें, वर्गांत चार-पांच तास विजेवांचून चालविणें, चार वर्षें स्वतःस आणि नंतर धाकट्या भावास. भाऊ त्या वेळीं आठवींत होता. घरांत पुस्तकें जशीं थोरल्याकडून धाकट्याकडे जातात, तसेंच हें यंत्रहि जाणार, हें तिनें धरूनच ठेविलें होतें. आमच्या मनांत तें आलेंहि नव्हतें.

ती म्हणाली, "काका, या कंपनीच्या या मालिकेंत पहिला आंकडा विक्रीचें वर्ष सांगतो, प्रोसेसरची खरी रचना तिसरा आंकडा सांगतो. येथें तिसरा आंकडा 2 आहे. म्हणजे रचना 2019 ची. 7530यू मध्यें तो 3 आहे, म्हणजे पुढची रचना." मग दुकानदारांस तिनें एवढेंच विचारलें, "यांतली रॅम पुढें वाढवितां येते का?" मालक प्रामाणिक होते. "नाहीं, ताई. ही मदरबोर्डवर डाख देऊन बसविलेली आहे. आज आठ, तर जन्मभर आठ."

येथें वाचक भगिनींसाठीं थोडा खुलासा करावयास हवा. एसएसडी हें यंत्राचें कोठीघर; सामान तेथें सांठतें. रॅम हा स्वयंपाकाचा ओटा. चालू काम त्यावर मांडलेलें असतें. कोठी कितीहि मोठी असली तरी ओटा अरुंद असेल तर दर पदार्थाला भांडीं खालीं-वर करावीं लागतात, आणि यंत्र मंद झालें असें आपण म्हणतों. ऑटोकॅडची किमान अट आठ जीबीची. सोबत आणखी कांहीं उघडलें कीं ओटा भरलाच. ऑटोकॅड स्वतः विद्यार्थ्यांस शिक्षणापुरतें विनामूल्य मिळतें, हें मात्र भाग्य.

दुसऱ्या दुकानांत खेळांसाठीं बनविलेलें यंत्र दाखविलें. त्याची कळफलकाची लाल रोषणाई पाहून आम्हांसहि क्षणभर मोह पडला. किंमत 68,000, वजन सव्वादोन किलोंहून अधिक, आणि चार्जरचा गोळा वेगळाच. साध्या द्विमित रेखाचित्रांना स्वतंत्र ग्राफिक्स लागत नाहीं, आणि असें यंत्र विजेपासून तोडलें कीं लवकर दमतें.

तिसऱ्या ठिकाणीं वापरलेले लॅपटॉप अठरा-वीस हजारांत मिळत होते; बांधणी भक्कम, पण प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचे. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपणार होता, आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. स्वस्त खरें, पण अडीच महिन्यांच्या आंत जुनें ठरणारें. तेथेंच "बिल नको असेल तर आणखी कमी करतों" असेंहि कोणी सुचविलें. लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी आहे. तो चुकवून वॉरंटीचा पुरावाहि गमवावा, हा व्यवहार आम्हांस रुचला नाहीं.

शेवटीं दुपारीं दोनच्या सुमारास चौथ्या दुकानांत योग जुळला. रायझेन 5, 7530यू; एसएसडी 512 जीबी; वजन एक किलो सातशे ग्रॅम; पडदा आयपीएस, म्हणजे बाजूनें पाहिलें तरी रंग न बिघडणारा; रॅम आठ जीबीच, पण ती काढतां-घालतां येण्यासारखी, आणि शेजारीं दुसरा खांचा रिकामा. पुतणीच्या विनंतीवरून मालकांनीं तसल्याच नमुन्याच्या यंत्राचें झांकण उघडून तो खांचा आम्हांस प्रत्यक्ष दाखविला. किंमत 49,500, पक्क्या बिलासह.

तेथें पुतणी हळूच म्हणाली, "काका, दुसरी आठ जीबीची पट्टी आतांच घेऊं या का? एकसारख्या दोन असल्या कीं दोन्ही वाटांनीं काम होतें, वेगहि वाढतो." पट्टी दोन हजारांच्या आंत-बाहेर होती. परंतु अण्णांना पैसे परत नेऊन देण्याची हौस आम्हांस अनावर झाली होती. "गरज पडेल तेव्हां घेऊं, खांचा कोठें पळून जातो?" असें आम्हीं ऐटीनें सांगितलें. ती गप्प राहिली.

घरीं आल्यावर 512 ऐवजीं पडद्यावर 476 दिसतांच फसवणूक झाली म्हणून वहिनी घाबरल्या. तें फक्त मोजण्याचें अंतर : बनविणारे हजाराच्या पटीनें मोजतात, यंत्र 1024 च्या पटीनें. उरलेले 5,500 रुपये अण्णांच्या हातीं ठेवतांना आमची छाती किंचित् फुगलीच होती.

त्या वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले. दिवाळीनंतर पुतणीचें काम वाढलें, यंत्र अडूं लागलें, आणि आम्हीं दुकानांत विचारलें तेव्हां तीच पट्टी दुपटीच्याहि वर गेलेली होती. आम्हीं अण्णांना खरें तें सांगितलें. त्यांनीं ते 5,500 रुपये, वेगळ्या लखोट्यांत जसेच्या तसे ठेविलेले, काढून दिले. "कौलांत हे मीं मिळविलेच नव्हते," ते म्हणाले, "तुझा चेहरा पाहून ठेवून दिले होते."

यंत्र घेतांना जें पुढें बदलतां येणार नाहीं तें आधीं पाहावें : प्रोसेसर, पडदा, वजन आणि रिकामा खांचा. एवढें तर लॅमिंग्टन रोडनें शिकविलेंच. परंतु जें लागणार हें आधींच ठाऊक आहे तें पुढें ढकलणें ही काटकसर नव्हे, हें आम्हांस एका अठरा वर्षांच्या मुलीनें भर दुकानांत सांगितलें होतें. आणि आम्हीं तें ऐकून घेतलें नाहीं. नवी पट्टी तिनें पुण्यास स्वतःच्या हातानें बसविली. कौलें आतां पुढील उन्हाळ्यांत.