कूलर आणि तंबोरा

स्पीकर घेताना सगळे वॅट विचारतात. नागपुरात आधी कूलर विचारावा.

सीडीच्या 16 बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं सुमारे 96 डेसिबलचं अंतर मावतं. पण एप्रिलात आमचा खिडकीतला कूलर सुरू झाला, की फोनवरचं अ‍ॅप 60 दाखवतं. त्याखालचं बहुतेक सगळं बुडतं: तंबोरा, गायकाचा श्वास, दोन तानांमधली शांतता. आवाज वाढवला तर बाबा उठून जातात. 45 अंशांत कूलर बंद करा, असं त्यांना सांगणार कोण? आणि वसंतराव देशपांडे ऐकायची त्यांची वेळ भर दुपारची. वसंतराव नागपुरातच शंकरराव सप्रेंकडे शिकले, म्हणून बाबांसाठी ते घरचेच.

शेवटी महागडा अ‍ॅम्प्लिफायर सोडला. साधे बुकशेल्फ स्पीकर घेतले आणि बाबांच्या खुर्चीपासून आठऐवजी चार फुटांवर ठेवले. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. तेवढ्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरची ताकद चौपट लागली असती.

परवा बाबांनी विचारलं, "हा तंबोरा यात आधीपासून होता का रे?"