किती देते?

बाईला वय विचारू नये आणि पुरुषाला पगार विचारू नये, असा आपल्याकडे एक दंडक आहे. मोटारवाल्याला मात्र कुणीही, कुठेही, ओळखपाळख नसताना ‘किती देते हो?’ असं खुशाल विचारतो. प्रश्न मूळचा म्हशीच्या बाजारातला. तिथून तो स्कूटरवर बसला आणि स्कूटरवरून उतरून मोटारीत शिरला. फरक इतकाच, की म्हैस लिटर देते आणि मोटार लिटर घेते. उत्तर मात्र दोन्हीकडे बाजारातलंच मिळतं. म्हैस विकणारा दोन लिटर वाढवून सांगतो; मोटारवाल्याला गाडी विकायची नसते, तरीही तो चार किलोमीटर वाढवून सांगतो.

या देण्याला आपण ‘ॲव्हरेज’ म्हणतो. एखाद्याचा मुलगा ॲव्हरेज आहे म्हणून बघा, त्याची आई वर्षभर तुमच्याकडे हळदीकुंकवाला येणार नाही. पण गाडीला ॲव्हरेज आहे म्हटलं, की तोच बाप खुर्ची ओढून तुम्हाला चहाचा आग्रह करतो.

आमच्या काकांकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी होती. तिच्या डॅशबोर्डवर पेट्रोलचा एक काटा होता. टाकीत एक फ्लोट तरंगत असतो, तो पेट्रोलबरोबर खाली-वर होतो आणि त्याप्रमाणे हा काटा हलतो, अशी एकूण व्यवस्था. पेट्रोल हिंदकळलं की काटाही हिंदकळे. खंबाटकीचा घाट चढताना टाकी अर्धी आणि उतरताना पाव! काकांचा त्यामुळे काट्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास वहीवर. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या खेपेला पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि झालेल्या किलोमीटरना लागलेल्या लिटरनी भागायचं. पेन्सिल कानावर अडकवून काका पंपावरच भागाकार करीत आणि मागचे लोक हॉर्न वाजवीत. उत्तर बहुधा बारा पूर्णांक काहीतरी यायचं. “आमच्या घरात दुधाच्या वहीनंतर हीच एक वही चोख आहे,” असं काकू म्हणत. ॲव्हरेज काढण्याची याहून सच्ची रीत अजूनही सापडलेली नाही, हे मी काकांचा पुतण्या म्हणून नव्हे, नंतर पुष्कळ चौकशी करून सांगतो आहे.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. तिच्याही डॅशबोर्डवर वेग, पेट्रोल आणि इंजिनाची उष्णता एवढाच काय तो मजकूर. ॲव्हरेज ज्याचं त्यानं काढावं. मग हा आकडा स्वस्तातल्या गाड्यांत आला कसा? तर मागच्या दारानं आला. २०००च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, कार्बोरेटर हद्दपार होऊ लागला आणि पेट्रोल वाढायचं काम एका छोट्या संगणकाकडे गेलं. हा वाढपी मोठा हिशेबी. इंजेक्टरचं तोंड किती वेळा आणि किती क्षण उघडलं, यावरून पेट्रोल किती गेलं ते त्याला ठाऊक. चाकं किती फिरली, तेही ठाऊक. म्हणजे भागाकाराचा सगळा माल त्याच्या कोठारात आधीपासूनच होता. काचेवर चार आकडे उमटवले की झालं! म्हणून तर आमच्यासारख्यांच्या छोट्या गाडीतही ही चैन परवडते.

गाडी घेताना शोरूममधला मुलगा म्हणाला, “सर, यात ॲव्हरेज लाइव्ह दिसतं.” लाइव्ह म्हणजे क्रिकेट, एवढंच मला तोवर माहीत होतं. पण खरोखरच ही धावती कॉमेंट्री आहे. पाय दाबला की पट्टी आखडते, सैल सोडला की पसरते. वरचा गिअर टाका म्हणून बाण येतो, अगदी शेजारी बसलेल्या मेहुण्यासारखा. नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी उभी असताना किलोमीटर शून्य आणि पेट्रोल चालू. त्या दीड मिनिटात सरासरी १५.२वरून १५.१वर येताना पाहून पोटात जे कालवतं, ते शेअरबाजारवाल्यांनाच कळेल. ‘रेंज’ नावाचा आणखी एक आकडा आहे. आता आहे त्या पेट्रोलवर किती जाल, हे तो नुकत्याच झालेल्या सरासरीवरून सांगतो. त्यामुळे शहरातून हमरस्त्याला लागलं, की वीस किलोमीटर जाऊनही तो आकडा कमी होण्याऐवजी वाढलेला असतो. आमच्या सौभाग्यवतींच्या मते पुरुषांच्या आश्वासनांचंही असंच असतं.

या पडद्यानं एक जुना वाद मात्र कायमचा मिटवला. काका घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकीत आणि ‘फुकटात’ खाली आल्याचा आनंद मानीत. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ते उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि संगणक पेट्रोल बंद करून टाकतो. न्यूट्रलला टाकली तर इंजिन धुगधुगतं ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, तो वेगळाच.

जाहिरातीतला आकडा जिथून येतो, ते ठिकाण आमच्या कोथरूडलाच वेताळ टेकडीवर आहे. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था. तिथे गाडी खोलीत रुळांवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. वेग ठरलेल्या आलेखाप्रमाणे, फार तर ताशी नव्वद. एसी बंद. आणि पेट्रोल किती जळलं, ते धुरातल्या कार्बनवरून काढतात. धुरावरून अग्नीचं अनुमान करणाऱ्या आपल्या न्यायशास्त्राला यापेक्षा मोठा मान तो काय मिळायचा! आकडा खोटा नसतो हो. सगळ्या गाड्या एका मापानं मोजायच्या, तर हेच करावं लागणार. फक्त त्या खोलीत खड्डे नसतात, नळ स्टॉप नसतो आणि मावशी नसते.

आमच्या मावशीला मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला न्यावं लागतं. जाऊन-येऊन आठ किलोमीटर. तिला जिना उतरायला वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत तिला बसवायचं तर आधीपासून एसी लावून उभं राहावं लागतं. परतताना पुन्हा तेच. उभ्या उभ्या छोटी गाडीदेखील घोटघोट पीतच असते. मावशी शाळेत गणित शिकवायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मान तिरकी करून पडद्यावर पाहिलं.

“किती देते रे ही?”

मी काही सांगायच्या आत तिनंच वाचलं, “नऊ पूर्णांक सहा.” दशांशचिन्हासकट. मग पर्समधून पन्नासाची नोट काढली. मी घेत नाही म्हटल्यावर म्हणाली, “एवढं पेट्रोल माझ्यापायी जाळायचं नाही. पंधराच्या वर देत असेल तर गाडी काढ. नाहीतर उद्यापासून मी रिक्षानं जाईन.” डायलिसिसनंतर तिला उभं राहिलं तरी घेरी येते. रिक्षातून कोथरूडचे खड्डे! पण गणिताच्या बाईंनी घातलेली अट ती अट.

सुदैवानं गाडीत ट्रिप ए आणि ट्रिप बी असे दोन हिशेब असतात. बीमध्ये खरा राहतो. ए मी दर पंधरा दिवसांनी रविवारी पहाटे शून्यावर आणतो आणि साताऱ्यापर्यंत जाऊन येतो. ताशी सत्तर, एसी बंद, एकटा. परत येतो तेव्हा पडद्यावर एकवीस असतात. पुढच्या सहा खेपा मावशीचे नऊ-नऊ पूर्णांक त्यात कालवले जातात आणि आकडा सतराच्या आसपास येऊन ठेपतो, तोवर पुन्हा रविवार येतोच.

हे गणित बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. “म्हणजे पेट्रोल कमी लागतं हे दाखवायला तुम्ही साताऱ्याला जाऊन दहा लिटर पेट्रोल जाळता?”

“साडेदहा.”

“मग येताना कंदी पेढे तरी आणत जा,” ती म्हणाली. तेव्हापासून आणतो.

परवाच्या शनिवारी मावशीनं सीटबेल्ट लावून घेतला, चष्मा पुढे ओढला आणि पडद्याकडे पाहिलं.

“सतरा पूर्णांक सात. गुरुवारी अठरा पूर्णांक दोन होतं रे.”

“चाकांत हवा कमी असेल, मावशी.”

“मग भरून घे. आणि तो एसी जरा वाढव, उकडतंय.”