अर्धं तुझं, अर्धं माझं

आमच्याकडे कर्ज लग्नाच्या वाटेनं घरात येतं. आजा लग्नगडी होता. लग्नापुरते पैसे सावकाराकडून उचलायचे आणि नवराबायकोनं मिळून त्याच्याकडे राबत राहायचं. वही सावकाराची, हिशेबही त्याचाच. 23 मे 1945 ला जवळच्या झरीत किसान सभेची परिषद भरली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पाठबळावर वारली उठले, आणि वेठ मोडली. पुढे 1976 च्या कायद्यानं वेठबिगारीची कर्जंच रद्द केली. सावकाराचं असं निदान कागदावर तरी मिटलं. भावाभावांतलं राहिलं.

आजा गेल्यावर काकाचं लग्न बाबाच्या अंगावर आलं. वेवजीची हद्द ओलांडली की गुजरात. तिकडच्या एका दुकानदाराकडून चार हजार उचलले. अंगठा एकट्या बाबाचा. खळ्यावर आजीच्या समोर ठरलं, अर्धं तुझं, अर्धं माझं. कागद कोण करणार? भाऊच तर होते.

काकानं दोन हंगाम गवत कापायला जाऊन सहाशे दिले. मग बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि देणं थांबलं. दुकानदार अंगठा ज्याचा त्यालाच धरणार. बाबानं बैल विकला. आयनं त्या वर्षी आवणी दुसऱ्याचा बैल मागून केली, आणि काकाच्या घराकडं बघणं सोडलं.

मी शिकलो तेव्हा डहाणूला एका वकिलाला विचारलं. तोंडी करार कायद्याला चालतो, ते म्हणाले. 1872 चा करार कायदा प्रत्येक कराराला कागद मागत नाही. पण साक्षीदार लागतो, आणि दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं सही करून देणं कबूल केलं, तर तिथून नवी तीन वर्षं. आमची साक्षीदार आजी. ती वारली होती. आणि तीन वर्षांच्या आत कोणता भाऊ भावावर दावा लावतो? तेवढा काळ तर वाट बघण्यातच जातो.

काका वारला, दिवस झाले, तेव्हा चुलतभावानं सगळ्यांसमोर विचारलं, “मोठा बाबा, किती राहिलं?”

“चौदाशे,” बाबा म्हणाला.

काकी ओट्यावरून म्हणाली, “चौदाशे कसे? दोन पावसाळे मी तुमच्या शेतात आवणीला आले, ती मजुरी कुठं गेली? आजीला दवाखान्यात कुणी नेलं?”

बाबा गप्प. ती खोटं बोलत नव्हती. बाबानं पैसे मोजले होते, काकीनं दिवस मोजले होते, आणि खळ्यावर यातलं काय धरायचं ते ठरलंच नव्हतं. माझ्या मते भांडण लबाडीचं नव्हतंच. शेवटी सातशेवर आलं. बाबानं नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या.

गेल्या वर्षी चुलतभाऊ आणि मी मिळून बोअरवेलला कर्ज काढलं. मुलीच्या वहीचं पान फाडून मी लिहिलं: कोणाचा हप्ता किती, कोणत्या महिन्यात, मजुरी धरायची की नाही. काकीला वाईट वाटलं. “भाऊ ना तुम्ही? मग कागद कशाला?”

“काकी, तुझे दिवस पण लिहिलेत यात.”

तिनं वाचून दाखवायला लावलं. दोनदा. मग साक्षीदार म्हणून अंगठा दिला.