उसनं माहेर : बैलकुप्पे

म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याला लागलं, की हुणसूर आणि पेरियापट्टण मागं पडतं. दोन्ही बाजूंना तंबाखूची, नाचणीची शेतं. मग कुशालनगर पाच-सहा किलोमीटरवर असताना एकाएकी मक्याच्या शेतांवर रंगीत पताका फडफडू लागतात. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी. रिक्षा वळते आणि तांबड्या वस्त्रांतला एक मुंडण केलेला मुलगा सायकलवरून चक्क कानडीत ओरडून वाट मागतो. बैलकुप्पे आलं!

बहुतेक प्रवासी इथं 'गोल्डन टेंपल' बघायला येतात आणि तासाभरात कूर्गकडे निघून जातात. नामड्रोलिंग मठातलं हे मंदिर बघण्यासारखं आहे यात शंकाच नाही. पद्मसंभव, बुद्ध आणि अमितायुस यांच्या तीन सोनेरी मूर्तींपुढं मान वर करून उभं राहिलं, की मान दुखायला लागते, पण नजर खाली येत नाही. पेनोर रिंपोचे यांनी १९६३ मध्ये मूठभर भिक्षूंना घेऊन बांबूच्या झोपडीवजा देवळात या मठाची सुरुवात केली. आजचं भव्य मंदिर १९९९ सालचं. पण खरं सांगायचं, तर मला इथं थांबवलं ते मंदिरानं नव्हे, एका कप चहानं.

मठाबाहेरच्या एका लहानशा खानावळीत शिरले आणि कौतुकानं लोण्याचा चहा मागवला. पहिल्याच घोटाला चेहरा वाकडा झाला. चहा कसला, खारट सूपच ते! गल्ल्यावरची पन्नाशीची बाई हसून म्हणाली, "ताई, साखर पाहिजे का?" मी चपापले. मराठी?

त्यात नवल नव्हतं. दिवाळी सरली, की आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणारी तिबेटी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. भाव पाडण्यासाठी त्यांच्याशी हुज्जतही घातली आहे. ती उन्हाळ्यात कुठं राहतात, हा प्रश्न मला मात्र कधी पडला नव्हता. ही बाई लग्नानंतर दहा-बारा हिवाळे महाराष्ट्रात स्वेटर विकायची. तेवढ्यात भाषा आली. खानावळीमागच्या खोलीत तिची आई बसली होती, हातात जपमाळ आणि कमरेला विवाहित स्त्रियांचं रंगीत पट्ट्यांचं 'पांगदेन'. तिबेटीत आजीलाही 'मोमो'च म्हणतात आणि आपण चटणीबरोबर खातो तो पदार्थही 'मोमो'च. उच्चारात फरक असतो म्हणे, माझ्या कानाला तो कळला नाही. आजीबाईंना त्याचं भारी हसू आलं.

मोमो दहा वर्षांच्या असताना, म्हणजे १९५९ मध्ये, आईवडिलांबरोबर हिमालय ओलांडून आल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं. थंड डोंगरांतली ती माणसं आधी सीमाभागात रस्त्यांच्या कामावर लागली. मग तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं इथली सुमारे तीन हजार एकर जंगलजमीन देऊ केली आणि १९६०-६१ पासून 'लुगसुंग सामदुपलिंग' ही वसाहत उभी राहिली. दुसरी, 'डिकी लारसो', १९६९ मधली. ऐकायला हे सोपं वाटतं. पण साडेतीन हजार मीटरहून उंच ल्हासाच्या हवेची सवय असलेल्या माणसाला दक्षिणेतलं ऊन म्हणजे काय, याची कल्पना करा! झाडं तोडायची, मुळं उपटायची आणि रात्री डबे वाजवून हत्ती हाकलायचे. क्षयानं माणसं गेली. मोमोंची धाकटी बहीणही गेली. हे सांगताना त्यांची माळ थांबली नाही.

मला वाटलं होतं, त्या डोंगरांबद्दल बोलतील, बर्फाबद्दल बोलतील. त्या बोलल्या लोण्याबद्दल. याक हा नर. त्याच्या मादीला 'द्री' म्हणतात. तिच्या दुधाच्या लोण्याला एक वास असतो. इथं गाईचं लोणी. चहा घुसळायचं लाकडी 'दोंगमो' कोपऱ्यात उभं होतं, पण लेक आता मिक्सर फिरवते. 'त्साम्पा' म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ. ते चहात कालवून हातानं गोळा करून खायचं. पण बैलकुप्प्याची माती पिकवते मका आणि नाचणी. साठ वर्षांहून अधिक काळ रोज चहा होतोय आणि मोमोंच्या मते तो अजून बरोबर जमलेला नाही.

आपल्याकडचा मुलगा अमेरिकेला गेला, की आई मेतकूट, गोडा मसाला, भाजणी बांधून देते. माझा भाचा टोरंटोहून फोनवर आजही कुरडयांची आठवण काढतो. पण त्याचं पार्सल निघतं, पोचतं. मोमोंना पार्सल पाठवणारं पलीकडं कुणी उरलं नाही. मग जे मिळेल त्यात भागवायचं. लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, तळलेल्या 'खाप्से'ची रास घरोघर रचतात. चवीला आपल्या शंकरपाळ्यांची चुलत बहीण. त्याच्या आधी 'गुथुक' नावाचं सूप होतं. त्यातल्या पिठाच्या एका गोळ्यात मिरची निघाली, तर तुम्ही बडबडे. कोळसा निघाला, तर मनानं काळे! लेकीला दरवर्षी मिरचीच येते, असं मोमोंनी आवर्जून सांगितलं.

लोसार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा जमलं तर तेव्हाच जा. कुशालनगरहून रिक्षा सहज मिळतात. भारतीयांना परवाना लागत नाही. सेरा मठही चुकवू नका. ल्हासाजवळचा मूळ मठ १४१९ मधला, इथला त्याचा पुनर्जन्म. दुपारी अंगणात भिक्षू टाळ्या वाजवत, पाय आपटत शास्त्रार्थ करतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला भांडणच वाटतं.

तर पुन्हा खानावळीत. टेबलावर एक पार्सल अर्धवट बांधलेलं होतं. बाईंची मुलगी कॅनडात नर्स आहे, तीही टोरंटोतच. वसाहतीतली तरुण पोरं अशीच एकेक करून बाहेर जाताहेत. कित्येक घरांत मागं म्हातारी माणसंच उरली आहेत. मी विचारलं, मुलगी काय मागते? छुर्पी? त्साम्पा?

"छे हो ताई! ते सगळं तिथं मिळतं."

मग काय? तर इथल्या मक्याचे दाणे आणि कुशालनगरच्या दुकानातलं लिंबाचं लोणचं. फोनवर मोसरन्नाची, म्हणजे कानडी दहीभाताची आठवण काढून रडते म्हणे. ल्हासा तिनं फक्त भिंतीवरच्या तसबिरीत पाहिलंय. तिचं माहेर हेच. गंमत अशी, की ती आता कॅनडाची नागरिक झाली आहे. त्यामुळं ज्या वसाहतीत ती जन्मली, तिथं आईकडं राहायला यायचं, तर परदेशी माणसाप्रमाणं तिला आधी सरकारी परवाना काढावा लागतो. बाईंनी हे हसतच सांगितलं. मला मात्र हसता आलं नाही.

मोमो मध्येच तिबेटीत काहीतरी बोलल्या. लेकीनं कपाळाला हात लावला आणि पार्सल पुन्हा सोडलं. लोण्याचा एक डबा आत घालायचा होता, गाईच्याच. वाटेत वितळेल, कपडे खराब होतील, असं ती समजावत होती. म्हातारी ऐकेना. शेवटी डब्याला तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या गेल्या आणि दोरा धरायला मला बोलावलं गेलं.