कृषिकन्येचा अहवाल आणि माझं विरळ सोयाबीन



मागच्या खरिपात आमच्या गावात 'रावे'च्या पाच कृषिकन्या आल्या होत्या. त्यातली एक माझ्या शेतावर होती. बी.एस्सी. कृषीचं शेवटचं वर्ष. माझ्या एक एकर सोयाबीनचा अहवाल तिला लिहायचा होता. तो लिहिताना तिची झालेली तारांबळ मी जवळून बघितली, अन् त्यात माझंच पितळ उघडं पडलं.

त्या तुकड्यात सोयाबीन विरळ उगवलं होतं. मी सगळ्यांना सांगायचो, पेरल्यावर पावसानं ताण दिला. तिनंही तेच लिहिलं. एका दिवसात इंग्रजीतून चार पानं तयार! मला मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवली. ऐकायला झकास. मी म्हणलं, "बाई, माझं नाव सोडलं तर यात माझ्या रानातलं काय आहे?"

ती हसली, मग गप्प झाली. म्हणाली, "काका, खरं सांगू? सीनियरचा जुना अहवाल समोर ठेवून लिहिलंय. इंग्रजीत लिहायला बसलं की वाक्यं तयारच असतात, नुसते आकडे बदलायचे."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून तिनं कच्चं मराठीत लिहायला घेतलं. दोन ओळी लिहायची अन् अडायची.

"पेरणी कधी केली?"

"मिरगात."

"तारीख?"

तारीख कुठं लिहिलेली? ट्रॅक्टरवाल्याला फोनवरून पैसे दिले होते, त्यात सापडली. २४ जून. म्हणजे मिरग संपून आर्द्रा लागलेल्या.

"पाऊस किती दिवस नव्हता?" मी म्हणलं, पंधरा. तिनं आमच्या मंडळाची पावसाची नोंद काढली. खंड सहा दिवसांचा निघाला. तिनं लिहिलेल्या चार ओळी खोडल्या. मग बांधापलीकडं बघून म्हणाली, "काका, यांची पेरणी त्याच दिवशी, पाऊस तोच, जमीन तशीच. मग यांचं दाट कसं?"

मला राग आला. उठून गोठ्यात गेलो.

पेरून उरलेलं थोडं घरचं बियाणं कणगीत होतं. तिनं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. सहा दिवसांनी उघडलं. चांगले कोंब ५८. पेरणीच्या वेळी चार-दोन जास्त असतील, पण फार नाही. उगवण ७० टक्के असली तर एकरी ३० किलो लागतं. ३० ला ७० नं गुणून ५८ नं भागा, ३६ किलो येतं. मी पेरलं होतं २६. बचत!

बियाणं असं का झालं? मळणीच्या दिवशी आभाळ भरून आलं म्हणून मी मळणीयंत्र जोरात पळवलं होतं. सोयाबीनचं टरफल पातळ, बियाण्यासाठी फेऱ्या ४०० च्या आसपास ठेवायच्या, हे मला ठाऊक होतं. तिनं मात्र हे लिहिताना 'असावं' असा शब्द घातला. म्हणाली, "५८ मी मोजलेत. मळणीचं मी बघितलं नाही."

मी म्हणलं, हे अहवालात नको. खरी गोम दुसरीच होती. माझ्या चुलतभावानं तेच बियाणं माझ्याकडून विकत नेलं होतं. त्याचंही विरळ उगवलं अन् त्यालाही मी पाऊसच सांगितला होता.

ती थोडा वेळ पेन हातात धरून बसली. मग म्हणाली, "काका, तुम्ही म्हणत असाल तर नाव काढते. पण आकडा नाही काढत."

रात्री झोप लागली नाही. बोलताना 'पाऊस' म्हणलं की भागतं, समोरचाही मान हलवतो. लिहायला बसलं की कधी, किती, कशावरून, हे कागदच विचारतो. मी तीस वर्षं शेती केली ती सगळी डोक्यात. अन् डोकं आपल्याला सोयीचं तेवढंच ठेवतं.

सकाळी तिला म्हणलं, नाव राहू दे. मग चुलतभावाकडं गेलो, खरं सांगितलं, बियाण्याचे पैसे पुढं केले. त्यानं निम्मेच घेतले. म्हणाला, "दादा, मी तरी कुठं मोजून पेरलं?"

तिचा अहवाल शेवटी इंग्रजीतच गेला, पण तिसऱ्यांदा लिहिलेला. पहिला चार पानांचा होता, हा अडीच पानांचा. मी त्या दिवसापासून वही घातली. आधी तारीख अन् आकडा, कारण नंतर. या पानावरच्या नोंदी त्याच वहीतल्या.

घरचं बियाणं ठेवलं असेल तर मे महिन्यात शंभर दाणे मोजा. अन् किती उगवले ते लिहून ठेवा, कमी उगवले तरी.