टीव्हीच्या मागची बाजू

टीव्हीच्या पुढं सगळं घर बसतं. मागच्या बाजूला मात्र दोघांचाच हात जातो, केबलवाल्याचा आणि घर पुसणाऱ्या बाईचा. दर दिवाळीला आपण तिथली जळमटं काढतो, वायरी कोरड्या फडक्यानं पुसतो आणि होत्या तशा ठेवून देतो. कुठली वायर कुठून कुठं जाते, हे काही विचारत नाही. गॅसचा रेग्युलेटर, मिक्सरचं भांडं, शिलाई मशीनची बॉबिन हे सगळं आपल्या हाताखालचं. टीव्हीची वायर तेवढी पुरुषांची. ही वाटणी कुणी केली कोण जाणे!

अँटेनाच्या काळातही तेच. 1987 साली 'रामायण' सुरू झालं, तेव्हा माहेरी रविवारी सकाळी थोरला भाऊ छपरावर चढायचा. वरून विचारायचा, "आलं काय?" खाली आम्ही मुली आणि आई, "आलं, आलं... गेलं!" आमचं काम निरोप देण्यापुरतं. पुढं केबल आली आणि 2011 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर टप्प्याटप्प्यानं घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. छपरावर चढायचं कारण संपलं, पण आम्ही निरोप देणाऱ्याच राहिलो.

आमच्या बेळगावात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. सासूबाईंचं माहेर कागलकडचं. इथं साठ वर्षं काढली, बाजारापुरतं कन्नड छान येतं, पण मालिकेतलं सासू-सुनेचं भांडण त्यांना मराठीतच कळतं. सूर्यास्ताआधी त्यांचं जेवण होतं, मग जप. त्यानंतर झोपेपर्यंतचे दोन तास फार लांब. मोतीबिंदू काढल्यापासून रात्री वाचवत नाही. मग ती एक मालिका, तिच्यातली माणसं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याशी त्यांच्यावर बोलणं. एवढंच त्यांचं जग हिंडणं.

मागच्या वर्षी नवा टीव्ही घेतला, त्याच सुमारास बॉक्सही बदलला. पॅकमध्ये कन्नड आणि हिंदी चॅनेल होते, मराठी गायब. केबलवाला मुलगा बोलायला गोड. "अक्का, नाळे बरतेनी," म्हणजे उद्या येतो. त्याचा 'उद्या' पाच दिवस लांबला. मधेच पडद्यावर 'नो सिग्नल' आलं आणि होतं तेही गेलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, डोळ्यांना तेवढीच विश्रांती." असं म्हणून त्या काळ्या पडद्यासमोर माळ घेऊन बसल्या. ते बघवेना. दुपारी मी स्टँड पुढं ओढला.

मैत्रिणींनो, मागं घाबरण्यासारखं काही नसतं. आधी दोन्हींची वीज बंद करायची. बाहेरून येणारी जाड, गोल वायर बॉक्सला फिरवून बसते. तिच्या मधोमध तांब्याची बारीक तार असते. ती वाकली किंवा तुटली की चित्र येत नाही. बॉक्समधून टीव्हीत जाते ती एचडीएमआयची चपट्या टोकाची वायर. तिच्या टोकाचे दोन कोपरे कापल्यासारखे असतात, त्यामुळं ती एकाच बाजूनं बसते. जोर लावायचा नाही. जुन्या टीव्हीला तीन रंगांच्या पिना असतात. त्यात पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. रंगाला रंग जुळवला की झालं. आपण तर ब्लाउजला अस्तर जुळवणाऱ्या बायका!

टीव्हीला एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात आणि प्रत्येकावर नंबर असतो. वायर ज्या नंबरात घातली, तोच नंबर टीव्हीच्या रिमोटवरच्या 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटणानं निवडायचा. निम्मी घरं इथंच अडतात. नातवंडं खेळता खेळता ते बटण दाबतात आणि टीव्ही बिघडला म्हणून आपण गप्प बसतो.

दुखणं कुठलं ते ओळखायची एक खूण सांगते. बॉक्सच्या रिमोटवरचं 'मेनू' दाबा. पडद्यावर यादी उमटली, तर बॉक्सपासून टीव्हीपर्यंत सगळं ठीक आहे. मग खोट बाहेरच्या वायरीत किंवा न भरलेल्या पैशांत शोधायची. यादी उमटलीच नाही, तर आधी बॉक्सचा दिवा लागलाय का ते बघा, मग आपली वायर आणि 'सोर्स' तपासा. टीव्हीच्या स्वतःच्या मेनूतला चॅनेल शोधायचा पर्याय अशा वेळी उपयोगाचा नाही. चॅनेल बॉक्स देतो, तेव्हा बॉक्सच्याच यादीत भाषेचा विभाग उघडून शोधायचं.

तिथं मराठी चॅनेलचं नाव दिसत होतं, पण उघडत नव्हतं. म्हणजे ते आमच्या पॅकमध्ये नव्हतं. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या नियमानं प्रत्येक पैशाच्या चॅनेलची किंमत वेगळी दाखवावी लागते आणि हवा तो एकटा चॅनेल मागता येतो. केबलवाला देईल तोच गठ्ठा घ्यायला हवा, असं नाही. दूरदर्शनची सह्याद्री तर मोफतच. मी फोन केला, बॉक्सवरचा नंबर वाचून दाखवला आणि अमुक दोन चॅनेल पाहिजेत असं सांगितलं. संध्याकाळच्या आत ते सुरू झाले. भांडावं लागलं नाही, नाव घेऊन मागावं लागलं.

आमच्या गल्लीत एक काकू एकट्या राहतात. मुलगा पुण्यात. त्यांचा टीव्ही आठ दिवस बंद होता, कारण मुलगा शनिवारी येणार होता. फोनवर मी एवढंच म्हटलं, "काकू, मोठ्या रिमोटवरचं सोर्स दाबा बघू." पलीकडून आधी गाण्याचा आवाज आला, मग काकूंचा, "अगं बाई, एवढंच होतं होय!"

त्या 'एवढंच'मध्ये आठ संध्याकाळी गेल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांकडं त्या मोजक्याच असतात. मुलगा येईल, नातू येईल, केबलवाला येईल, अशी वाट बघण्यात आपण त्या घालवतो आणि टीव्ही काय, चैनीची वस्तू, असं स्वतःलाच समजावतो. एकट्या घरात माणसाचा आणि तोही आपल्या भाषेतला आवाज असणं ही चैन नव्हे.

तेव्हा एक कागद करा. त्यावर बॉक्सचा नंबर, केबलवाल्याचा फोन, पैसे भरायची तारीख, 'सोर्स'चा आकडा आणि घरातल्या प्रत्येकाच्या आवडीच्या चॅनेलचा नंबर लिहा. अक्षर सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसेल एवढं मोठं. दुधाचा हिशोब लावतो तिथंच, कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. नंबर बदलले की नवा कागद करा. आमच्याकडं आता तिसरा चालू आहे, आणि त्यावरचे आकडे सासूबाई स्वतः दाबतात.