मामीचे दप्तर

आमच्या सीमाभागात मराठी घरातले दप्तर म्हणजे कन्नड घरातले ‘पाटीचील’. वस्तू एकच, जुन्या कापडाची पिशवी. मी चौथीत असताना सुरतेच्या मामीने साड्यांचे तुकडे जोडून दप्तर शिवून पाठवले. वर्गातली मुले हसली. मी ते माळ्यावर टाकले आणि पुन्हा खताच्या पिशवीतून पुस्तके नेऊ लागलो.

गेल्या जूनमध्ये सुरतेला, लिंबायतला मामीकडे गेलो. तिथली गुजराती मुलेही ‘दफतर’च म्हणतात. मामीच्या नातीचे उचलून पाहिले, खांदा भरून आला. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असे केंद्राचे २०२० चे धोरण सांगते.

‘‘तुझं दप्तर किती वर्षं टिकलं रे?’’ मामीने विचारले.

‘‘सातवीपर्यंत.’’

खोटे बोललो. ते अजून माळ्यावर आहे, कोरे.